माळ्यावरचा संसार

उपनगरातील एखादी जुनी इमारत पाडून तिच्या जागी नवी उभारावयाचे ठरले, म्हणजे तिच्यातील बिऱ्हाडांना दोनतीन वर्षे अन्यत्र भाड्याने राहावयास जावे लागते. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ह्या भागांत हे पुनर्विकासाचे काम आज गल्लोगल्ली चालू आहे, आणि त्यानिमित्ताने एक देखावा तेथे वरचेवर दृष्टीस पडतो. दारात टेंपो उभा असतो. पलंग, कपाट, शीतपेटी अशा मोठ्या वस्तू तासाभरात खाली उतरतात. मग माळ्याची दारे उघडली जातात, आणि तासाभराचे काम दोन दिवस चालते.

माळ्यावरून काय काय खाली येते? ज्याचा तोटा कोणी बदलून आणला नाही असे पितळी घंगाळ, दोन वातींचे व एक पंपाचा असे तीन स्टोव्ह, ज्यात वाढलेला मुलगा आता संसाराला लागला आहे असा पाळणा, मिक्सर बिघडून टाकून दिल्यावरही जपून ठेवलेले त्याचे खोके, सुतळीने बांधलेले दिवाळी अंकांचे गठ्ठे, मुलांच्या चौथीपासूनच्या वह्या, आणि डबे. डब्यांत डबे, त्यांत आणखी लहान डबे, आणि सर्वांत आतल्या डब्यात कसल्यातरी कुलपाच्या किल्ल्या. घरातील माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. ‘हे आपल्याकडे होते?’ असा प्रश्न निघतो. वस्तू आपली आहे ह्याचीच ज्यांना आठवण नव्हती, तीच माणसे पाच मिनिटांनी म्हणतात, ‘असू दे, लागेल कधीतरी.’ चारशे चौरस फुटांच्या घरासाठी मग दुसरा टेंपो बोलवावा लागतो.

ह्या ‘लागेल कधीतरी’ला हसणे सोपे आहे, परंतु तो शब्द ज्या पिढीच्या तोंडी बसला, तिने तो फुकट उच्चारलेला नाही. मुंबईत १९४३ साली शिधावाटप सुरू झाले. धान्य, साखर, रॉकेल, कापड ह्यांपैकी एकेका जिनसेसाठी रांगेत उभे राहण्याचे दिवस पुढेही पुनःपुन्हा आले. १९७२ चा दुष्काळ तर आज साठी-सत्तरीत असलेल्यांना चांगला आठवतो. अशा काळात रिकामा झालेला वनस्पती तुपाचा डबा ही खरोखरीची मिळकत होती. १९३७ साली बाजारात आलेल्या डालडाच्या डब्याने महाराष्ट्रातल्या किती घरांत तांदूळ, डाळी आणि चकल्या सांभाळल्या, आणि शेवटी गंज चढल्यावर तळाशी भोके पाडून घेऊन तुळस सांभाळली, ह्याची गणती कोणी केलेली नाही. सुतळीचा तुकडा, चॉकलेटची चांदी, पाकिटाची कोरी बाजू जपून ठेवणारी आजी कंजूष नव्हती. तिच्या हिशेबी टाकलेली वस्तू पुन्हा मिळण्याची शाश्वती नव्हती, आणि तो हिशेब त्या काळापुरता बरोबर होता.

त्याहूनही जुनी गोष्ट म्हणजे बेगमी. पावसाळ्यापूर्वी वर्षाचे धान्य भरावे, मसाला कुटावा, पापड-कुरडया वाळवाव्यात, लोणच्याच्या बरण्यांना दादरा बांधावा, हा गृहिणीच्या कर्तबगारीचा भाग समजला जाई. मात्र ह्या बेगमीला दोन मर्यादा होत्या. तिच्यासाठी घरात कोठीची खोली असे, आणि भरलेले सारे वर्षाच्या आत खाऊन संपे. मृगापूर्वी भरलेली कोठी पुढच्या चैत्रात आपोआप रिकामी होई. साष्टीतील जुन्या वाड्यांतून, किंवा १९२२ च्या सुमारास आखलेल्या मुलुंडमधील बैठ्या घरांतून निघून कुटुंब तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आले, तेव्हा कोठीची खोली मागे राहिली. कोठी भरण्याची सवय तेवढी बरोबर आली. तिने न्हाणीघरावरचा माळा व्यापला, पलंगाच्या पोटात शिरकाव केला, आणि खिडकीबाहेरच्या जाळीचेही कपाट केले. शिवाय आता जे भरले जाते ते खाण्याचे नसल्यामुळे वर्ष सरले तरी संपत नाही.

अडगळ म्हणजे जुनी वस्तू नव्हे, हे येथेच सांगितले पाहिजे. रोज दोन वेळा हाताखाली येणारा आजीचा पाटा-वरवंटा अडगळ ठरत नाही. आणि गेल्याच महिन्यात विकत घेतलेले, दोनदा वापरून खोक्यात परत गेलेले फळांचा रस काढण्याचे यंत्र मात्र नवेकोरे असूनही अडगळच होय.

घरात साठणाऱ्या वस्तू सर्वच हौसेने विकत आणलेल्या असतात, ही समजूतही पुरती खरी नाही. मराठी घरापुरते बोलावयाचे तर निम्मीअधिक अडगळ प्रेमाच्या वाटेने आलेली असते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचे हळदीकुंकू घ्या. एखादी गृहिणी त्या दिवसांत बारा घरी जाऊन आली, तर बारा वाणे घरी येतात: प्लॅस्टिकची डबी, चहाची गाळणी, साबणाची पेटी, आरसा, पुन्हा एक डबी. दहा वर्षांचा हिशेब एकशेवीस वस्तूंवर जातो. आणि तिच्या घरी येणाऱ्या बायकांना लुटण्यासाठी तिनेही डझनाच्या भावाने काही आणलेलेच असते. त्यातले चार नग उरतात, ते वेगळेच. वस्तुतः ह्या सणाचे मूळचे वाण मोठ्या सूज्ञपणाने योजलेले आहे. मातीचे सुगड, त्यात हरभऱ्याचे घाटे, उसाची कांडी, बोरे, गाजर, तिळगूळ. सारे त्या ऋतूत पिकणारे, दोन दिवसांत खाऊन संपणारे. आणि सुगड फुटले तर मातीची मातीच होणार. टिकाऊ वस्तू देण्याची चढाओढ मागाहून आली. देणारीला वाटते की आपली आठवण राहावी. घेणारीच्या घरी मात्र अशा एकशेवीस आठवणी राहतात, आणि कोणती कोणाची हे तिलाही सांगता येत नाही.

ओटीत पडणाऱ्या खणाची कथा याहून मनोरंजक आहे. झुळझुळीत कापडाचा, कोणत्याही साडीवर न शोभणारा, पाऊण मीटरचा तो तुकडा शिवण्याच्या हेतूने सहसा कोणी देत नाही व कोणी घेत नाही. तो एका घरातून दुसऱ्या घरात, तेथून तिसऱ्या घरात असा घडीसुद्धा न मोडता हिंडत राहतो. दोनचार वर्षांनी तो ज्या घरून निघाला तेथे सुखरूप परत आल्याचीही उदाहरणे घाटकोपर-मुलुंडच्या सोसायट्यांतून ऐकावयास मिळतात. अडगळीच्या दृष्टीने पाहता खण हा त्यातल्या त्यात सज्जनच म्हणावयाचा; तो निदान चालता राहतो. लग्नमुंजीतील भांड्यांचे तसे नाही. भांड्यावर देणाराचे नाव आणि तारीख कोरून घेण्याची आपल्याकडील पद्धत मोठी जिव्हाळ्याची असली, तरी तिने ते भांडे त्या घरी कायमचे जखडून टाकले. ज्यावर मामांचे नाव आहे ते ताट दुसऱ्या कोणाला आहेर म्हणून देता येत नाही, आणि मामा हयात असेतो मोडीतही घालता येत नाही.

मग पूर्वी घरे तुंबत कशी नव्हती? तीही तुंबत, पण त्यांना बाहेर जाण्याच्या वाटा पुष्कळ होत्या. थोरल्याचा सदरा धाकट्याला, धाकट्याचा चुलतभावाला, आणि अखेर त्याचे पायपुसणे. गावाकडे घर असे, आणि शहरातील जुनी खुर्ची एस्. टी. च्या टपावर चढून कोकणात जाई. दुपारच्या वेळी बोहारीण येई. ह्या व्यवसायातील बायका मुख्यतः वाघरी समाजातील. जुने कपडे घ्यावयाचे, बदल्यात भांडे द्यावयाचे, आणि तो व्यवहार पूर्ण होईपर्यंत अर्धा तास घासाघीस करावयाची, हा तिचा क्रम. एका पातेल्यासाठी ती दहा लुगडी मागे, गृहिणी पाचांवर अडून बसे, आणि मागाहून एक परकर वर टाकून सौदा मिटे. त्या कपड्यांची पुढे निवड होई, धुऊन, सांधून, इस्त्री करून ते जुन्या बाजारात परत विकले जात. अस्सल जरीचे काठ असले तर ते चांदीसाठी वेगळे निघत. कपडे गेले तरी भांडे आलेच की, असे कोणी म्हणेल. परंतु दहा लुगड्यांच्या बोचक्याने अडविलेली जागा आणि एका पातेल्याने अडविलेली जागा ह्यांत फरक आहे, आणि तो घराच्या पथ्यावर पडे.

बोहारीण आजही नाहीशी झालेली नाही. पण अनेक संकुलांच्या फाटकावर पहारेकरी तिला अडवितो. रद्दीवाला आहे, भंगारवाला आहे. कल्हईवाला क्वचित दिसतो. गावाकडचे घर बहुतेकांचे बंद झाले अथवा वाटण्यांत गेले. चुलतभाऊ परदेशी असतो आणि त्याला थोरल्याचा सदरा नको असतो. बाहेर जाण्याच्या वाटा अशा अरुंद होत असतानाच आत येण्याची वाट मात्र फार रुंद झाली. पूर्वी एखादी वस्तू घ्यावयाची म्हणजे दादरला किंवा क्रॉफर्ड मार्केटला जावयाचे, चार दुकाने पाहावयाची, आणि ती वस्तू गर्दीच्या लोकलमधून हातात धरून आणावयाची. ह्या शेवटच्या अटीने किती अनावश्यक खरेदी परस्पर रद्द केली असेल! आता वस्तू दाराशी येते, किंमत हप्त्यांनी जाते, आणि एकावर एक फुकट असल्यामुळे नको असलेली वस्तू दुप्पट येते.

एकदा आलेली वस्तू सुटत का नाही, ह्याचाही विचार अभ्यासकांनी केला आहे. डॅनियल कानमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर ह्या तिघांनी काही प्रयोग करून त्यांचे निष्कर्ष १९९० साली प्रसिद्ध केले. वर्गातील काही विद्यार्थ्यांना एकेक साधा पेला देऊन टाकण्यात आला, आणि तो कितीला विकाल असे विचारले. इतरांना, तसाच पेला कितीला विकत घ्याल असे विचारले. काही क्षणांपूर्वीच पेला हाती आलेल्यांनी मागितलेली किंमत ही घेणाऱ्यांच्या किमतीच्या सुमारे दुप्पट निघाली. म्हणजे वस्तू तीच. ती ‘आपली’ झाल्याबरोबर मनात तिचा भाव चढतो. काही क्षणांच्या मालकीने हे होते, तर तीस वर्षे माळ्यावर असलेल्या पाळण्याचा भाव किती चढला असेल हे सांगावयास नको.

दुसरी गोष्ट फ्रान्समधील दिदरो ह्या ग्रंथकाराने १७६९ साली लिहिलेल्या एका निबंधातील आहे. त्याच्याकडे एक सुंदर नवा झगा आला. त्या झग्यापुढे जुनी खुर्ची गबाळी दिसू लागली म्हणून खुर्ची बदलली, मग मेज, मग भिंतीवरची चित्रे. आणि शेवटी त्याला आपल्या जुन्या झग्याची आठवण येऊन हळहळ वाटली. पुनर्विकासानंतर नव्या घरी परतणाऱ्या कुटुंबांचे नेमके हेच होते. नव्या फरशीवर जुने कपाट विजोड दिसते, नव्या कपाटाला नवे पडदे लागतात. एवढे मात्र खरे की दिदरोने जुने टाकून नवे घेतले. आपल्याकडे नवे घेतात आणि जुने माळ्यावर ठेवतात.

ह्या साऱ्याची किंमत किती पडते? हिशेब रोकडा आहे. समजा, बोरिवलीत चौरस फुटाचा भाव वीस हजार रुपये धरला. चार फूट रुंद आणि दोन फूट खोल असे कपाट आठ चौरस फूट जागा अडविते. म्हणजे एक लाख साठ हजार रुपयांची जमीन त्या कपाटाखाली असते, आणि त्याची दारे उघडण्यास लागणारी जागा निराळीच. त्यात कोणी न नेसणाऱ्या साड्या आणि दोन पिढ्यांचे चादरींचे संच असतील, तर घराचे कर्ज फेडणारा मनुष्य दरमहा त्या चादरींचेही भाडे भरीत असतो. पोलादी कपाटाबद्दल येथे आकस नाही. गोदरेजने १९२३ साली ते बनविण्यास प्रारंभ केला, आणि वाळवी, चोर व दमट हवा ह्या तिघांपासून त्याने मध्यमवर्गीयांच्या चीजवस्तू राखल्या. परंतु कपाटाचा एक गुण असा की ते रिकामे राहत नाही, आणि भरले म्हणजे दुसरे कपाट हवेसे वाटते. अडगळ नीट लावण्यासाठी नवे डबे, टोपल्या आणि खण विकत आणणे हाही अलीकडचा एक लोकप्रिय उपाय आहे. त्याने अडगळ शिस्तीत राहते, कमी मात्र होत नाही.

पैशांपेक्षा गंभीर बाब माणसांची आहे. ज्या घरात सामानामुळे पलंगाभोवती हातभर वाट उरते, तेथे रात्री उठणाऱ्या सत्तर वर्षांच्या बाईचा पाय खोक्याला अडखळतो, आणि खुब्याचे हाड मोडले की पुढचे आयुष्य त्याच पलंगावर जाते. अभ्यासाचे मेज इस्त्रीच्या कपड्यांनी व्यापले म्हणून दहावीतला मुलगा जिन्यात बसून वाचतो. घरात मावेनासे झालेले सामान जिन्याच्या कठड्याशी येते, आणि आग लागली तर सुटकेची वाट तीच असते. वृद्ध वडिलांना दिवाणखान्यात झोपावे लागते आणि आतली खोली बंद पेट्यांना मिळते, अशी घरे विरळा नाहीत. कोणी मुद्दाम असे ठरविलेले नसते. वस्तू एकेक करून आल्या आणि माणसे एकेक पाऊल मागे सरली, इतकेच.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि उपनगरांतील असंख्य तळमजल्यांवर पाणी शिरले. दुसऱ्या दिवसापासून रस्त्याच्या कडेला भिजलेल्या गाद्या, फुगलेली लाकडी कपाटे आणि चिखलाने माखलेली पुस्तके यांचे ढीग लागले. त्या पाण्यातून उचलावयास हवे होते ते दप्तरभर कागद आणि दोनचार छायाचित्रे. परंतु ज्या घरांत ती कागदपत्रे अन्य शंभर गोष्टींखाली होती, तेथे ती वेळेवर सापडणे कठीण होते.

घराबाहेर टाकलेली वस्तू नाहीशी होते, असेही नव्हे. ह्या बाबतीत उपनगरांचा अनुभव मुंबई शहरापेक्षा तिखट आहे, कारण महानगराचा कचरा उपनगरांच्याच उंबरठ्यावर येऊन पडला. देवनारची कचराभूमी १९२७ पासूनची. बोरिवलीजवळ गोराईची १९७२ साली सुरू झाली आणि २००७ मध्ये बंद करून मातीखाली झाकण्यात आली. मुलुंडची २०१८ साली बंद झाली. तोवर पूर्वेकडील रहिवाशांनी तिच्या दुर्गंधीत अनेक पावसाळे काढले. जानेवारी २०१६ मध्ये देवनारला आग लागली, तेव्हा आसपासच्या वस्त्यांवर दिवसचे दिवस धूर राहिला आणि काही शाळा बंद ठेवाव्या लागल्या. बाराव्या वाणाची प्लॅस्टिकची डबी त्या धुरात असणे सहज शक्य आहे. टाकलेल्या मालातून कामाचे ते वेचणाऱ्या बायका ह्या सर्व व्यवस्थेच्या तळाशी असतात. १९७५ साली स्थापन झालेल्या स्त्री मुक्ती संघटनेने त्यांना संघटित करण्याचे काम उपनगरांत केले आहे. घरातच सुके व ओले वेगळे केले आणि पुन्हा वापरता येण्याजोगे स्वच्छ करून दिले, तर त्यांचा हात घाणीत जात नाही, एवढे तरी टाकणाराने पाहावे.

तेव्हा अडवावयाचे ते दारातच. अपरिग्रह हे व्रत पतंजलीने यमांत सांगितले, जैनांच्या पाच व्रतांत ते आहे, आणि गांधीजींनी १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना लिहिलेल्या पत्रांत त्याची सांगड अस्तेयाशी घातली: गरज नसलेली वस्तू बाळगणे हे त्यांना चोरीच्या जवळचे वाटले. ही कसोटी संन्यस्त वृत्तीच्या माणसांची आहे, आणि दोन मुले, आजारी सासरे व पाहुण्यांचा राबता असलेल्या घराला ती जशीच्या तशी लावणे अन्यायाचे होईल. जैनांत मात्र गृहस्थासाठी ह्याच व्रताचे एक सौम्य रूप आहे. त्यात गृहस्थ सर्वस्वाचा त्याग करीत नाही; इतके वस्त्र, इतकी भांडी, इतके द्रव्य अशी मर्यादा आपली आपण आखून घेतो. घाटकोपरच्या जैन कुटुंबांना ही कल्पना परिचयाची आहे, आणि इतरांनी ती उसनी घेण्यास काहीच प्रत्यवाय नाही. एका फडताळात मावतील तितकेच डबे. नवा आला तर एक जुना त्याच दिवशी बाहेर. नियम घरातील माणसांनी एकत्र बसून केलेला असावा. सुनेने सासूची किंवा सासूने सुनेची अडगळ ठरविण्यास बसू नये. त्यातून निघणाऱ्या वस्तूंपेक्षा शब्दच अधिक निघतात.

देण्याघेण्याच्या रीतींतही फरक पडू लागला आहे. लग्नपत्रिकांवर आहेर न आणण्याची विनंती छापण्याची पद्धत रुळली. काही महिला मंडळांत वाण म्हणून रोप, गूळ, किंवा वाचून पुढे द्यावयाचे पुस्तक देतात. मूळच्या सुगडाच्या हे अधिक जवळचे आहे. दिवाळी अंक एकट्याने घेऊन साठविण्याऐवजी मजल्यावरच्या चार घरांनी चार निरनिराळे घेऊन फिरवावेत. १९०९ साली ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली, तेव्हापासून हे अंक वाचले गेले आहेत ते मुख्यत्वे अशा फिरत्या प्रतींतूनच.

सर्वांत अवघड काम गेलेल्या माणसाच्या वस्तूंचे. वडिलांचा चष्मा, आईची नऊवारी, तिच्या हस्ताक्षरातील पदार्थांची वही. ह्यांना अडगळ म्हणण्याची कोणाची छाती होत नाही, आणि होऊही नये. परंतु चष्म्याबरोबर बारा जोडी कपडे, वहीबरोबर वीस पातेली राहतात, तेव्हा ती वहीच शोधून सापडत नाही. ज्या वृद्धांनी हयातीतच आपल्या हाताने वाटप केले, त्यांनी मुलांवर मोठे उपकार केले. ‘ही पैठणी तुला, कारण डोहाळजेवणात तू हिच्यावर हात फिरवला होतास,’ असे सांगून दिलेली पैठणी नेसली जाते. मागे राहिलेल्या ट्रंकेत सापडलेली बहुधा घडीवरच विरते.

नाव घातलेल्या भांड्यांचाही प्रश्न काही घरांनी सोडविला आहे. पायधुणीजवळ तांबाकाटा म्हणून जी जागा आहे, ती तांब्यापितळेच्या व्यापारासाठी पूर्वापार प्रसिद्ध. उपनगरांतील भांड्यांच्या दुकानांतही मोड वजनावर घेतात. ‘मोडीत काढणे’ हा शब्दप्रयोग ह्याच व्यवहाराची आठवण देतो. जुनी पितळी पातेली, घंगाळ, ठोक्याचे डबे मोडीत घालून त्या पैशांतून रोजच्या वापराची एक चांगली समई किंवा जाड बुडाची एकच कढई घ्यावयाची, अशी ती रीत. निघण्यापूर्वी कोणी नातवंड भांड्यांवरची नावे आणि तारखा एका वहीत उतरवून घेते: अमुक मामा, अमुक आत्या, शके इतके, वैशाख शुद्ध पंचमी. चाळीस भांड्यांची नावे दोन पानांत बसतात.